मदत हवी: ३१ इंची टायर टाकल्यापासून जीप घाटात ओढेना, कुठला क्राऊन-पिनियन घेऊ?

कणकुंबी_वाट: टायर मोठे टाकले आणि गाडीतला जीवच गेला. जांबोटी सोडून चढ लागला की तिसरा टाकावा लागतो, मागं काजूची पोती असली तर दुसरा. क्लचचा वास सुटतो. मिस्त्री म्हणतात क्राऊन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, बदला, खरं कुठल्या रेशोचा ते त्यांनाही सांगता येईना. पाऊस धरायच्या आत काम उरकायचंय. ४.५६ घेऊ की ४.८८? लवकर सांगा.

उद्यमबाग_लेथ: गाडी कुठली? आधीचा टायर कुठला होता? आत्ता आत कुठला रेशो आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे येणारा प्रॉपेलर शाफ्ट किती फेरे घेतो? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निपाणी_हायवे: काही विचारत बसू नका, ५.३८ टाका. माझ्या जुन्या जीपला तोच आहे, ४३ दात आणि ८ दात. भरलेली गाडी भिंतीवर चढेल.

कणकुंबी_वाट: महिंद्राची एमएम ५४० डिझेल जीप. आधी २१५/७५ आर १५ होते, आता ३१ बाय १०.५. आतला रेशो काय ठाऊक नाही, गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतलीय. रेशो सांगा ओ, सेट सांगायचाय.

चंदगड_डोंगर: टायरची हवा किती ठेवता? चिखलात १८ पीएसआय पर्यंत उतरवा, फरक बघा. आणि चोर्ल्याचा रस्ता सध्या कसा आहे? रविवारी गोव्याला जायचंय.

उद्यमबाग_लेथ: हवा कमी केल्यानं चिखलात पकड येते, घाटात ताकद नाही. आता हिशेब बघा. २१५/७५ आर १५ ची उंची सुमारे ७०४ मिमी, ३१ इंची म्हणजे ७८७. टायर १२ टक्के उंच झाला, म्हणजे प्रत्येक गिअर १२ टक्के लांब झाला. पूर्वीसारखी ओढ हवी तर आतला रेशो तेवढाच वाढवायचा. आत ४.२७ असेल तर ४.७८ येतो, त्याला जवळचा सेट ४.८८. आत ४.८८ च असेल तर ५.४६, म्हणजे ५.३८ घ्या. ४.५६ कशातच बसत नाही. आणि स्पीडोमीटर आता ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ नं पळत असते, तेही ध्यानात ठेवा.

निपाणी_हायवे: शेवटी ५.३८ वरच आलात की!

उद्यमबाग_लेथ: आत ४.८८ असेल तरच. नाहीतर कोल्हापूरला जाताना रडाल. ३१ च्या टायरवर ८० च्या वेगाला टॉपमध्ये ४.८८ नं इंजिन साधारण २६३० फेरे घेतं, ५.३८ नं २९००. जुनं डिझेल इंजिन तासभर तसं ओरडत ठेवायचं का?

निपाणी_हायवे: जीप घेऊन ८० नं जायचंच कशाला? घाटातली गाडी घाटासाठी बांधा.

टिळकवाडी_६९: आरटीओचं कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीतल्या बदलांबद्दलचं. कंपनीनं दिलेल्यापेक्षा मोठे टायर विम्याच्या वेळी अंगाशी येतात. जुने टायर परत घाला, खर्चच नाही.

कणकुंबी_वाट: जुन्या टायरवर बागेतल्या चाकोरीत पोट टेकतं, म्हणून तर बदलले. रेशो कळेपर्यंत घाट लो मध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या जादा हळू गिअरमध्ये, चढवू का?

उद्यमबाग_लेथ: नको! लो टाकला की पुढचा अ‍ॅक्सलही लागतो. कोरड्या डांबरावर वळणात पुढची-मागची चाकं सारखी फिरू शकत नाहीत, सगळा ताण जॉइंट-क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यांवर येतो.

वडगाव_गॅरेजची_लेक: दादा, आतला रेशो मोजायला हाऊसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचं कवच, उघडायला लागत नाही. आमच्या बाबांची रीत सांगते. सपाट जागी इतर चाकांना दगड लावा आणि मागचं एकच चाक जॅकवर उचला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, म्हणून दोन फेरे. जेवढे भरतील तोच रेशो. मग पुढचंही मोजा, पुढच्या चाकांना अ‍ॅक्सलशी जोडणारे दोन्ही हब लॉक करून आणि ट्रान्सफर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) टू-व्हीलवर ठेवून. फोर बाय फोर टाकल्यावर गाडी कशी चालते?

कणकुंबी_वाट: चिखलात टाकतो तेव्हा पुढनं कुणीतरी धरून ठेवल्यासारखी होते, कट-कट वाजते. जुनी गाडी म्हणून चालवून घेतो. त्याचा काय संबंध?

वडगाव_गॅरेजची_लेक: आहे संबंध. आधी मोजा.

चंदगड_डोंगर: रस्त्याचं कुणी सांगा की.

कणकुंबी_वाट: आज पोराला धरून तीनतीनदा मोजलं. मागं सव्वाचारला किंचित जास्त. पुढं पाचाला थोडे कमी. दोन्ही वेगळे कसे?

वडगाव_गॅरेजची_लेक: मला तीच शंका होती. मागं ४.२७, पुढं ४.८८. आधीच्या मालकानं हायवेसाठी मागचाच सेट बदललेला दिसतो. फोर बाय फोर मध्ये मागचं चाक आठ फेरे फिरतं तेव्हा पुढच्याला सातच मिळतात. तीच तुमची कट-कट. आता मागचा ४.८८ चा सेट, ३९ आणि ८ दातांचा, एवढाच घ्या. दोन्ही जुळतील आणि टायरलाही बसेल. तोवर फोर बाय फोरला हात लावू नका.

उद्यमबाग_लेथ: अगदी बरोबर. हाऊसिंग डाना ४४ या मॉडेलचं असेल तर ४.२७ आणि ४.८८ ला कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो ते) एकच चालतं. बसवताना बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि शिमची (पातळ चकत्यांची) घाई करू देऊ नका. दातांवर रंग लावून ठसा मधोमध येतोय का, ते स्वतः बघा. आणि ब्रेक तपासा. मोठ्या टायरला ब्रेक जास्त दाबावा लागतो, उतारावर इंजिनही आत्ता कमी धरतंय.

निपाणी_हायवे: पुढं ४.८८ च असेल तर माझं ५.३८ चं म्हणणं मागं घेतो. दोन्ही सेट काढायचा खर्च सांगायला जीभ धजत नाही.

कणकुंबी_वाट: उद्या बेळगावात सेट बघायला निघतोय. ट्रान्सफर केस पण उघडून घेऊ का?

वडगाव_गॅरेजची_लेक: आधी नुसतं तेल काढा. बोटाला चुरा लागला तर उघडा.