कच्च्या फूझीत मोनोएस्टरचं पीक (आलेखावरचं टोक) एवढं मोठं का?

अर्कवाही: च्यांगयौची (सिच्वान) फूझी, म्हणजे अ‍ॅकोनिटम कार्मायकेलीची उपमुळं, तपासतोय. एक नमुना कच्चा वाळवलेला, दुसरा प्रक्रिया केलेल्या काळ्या चकत्यांचा. पद्धत चिनी फार्माकोपिया (अधिकृत औषधमानक ग्रंथ) 2020 ची, द्रव क्रोमॅटोग्राफीचा सी18 कॉलम, 235 नॅनोमीटर तरंगलांबी. चकत्यांत अ‍ॅकोनिटीन, मेसॅकोनिटीन, हायपॅकोनिटीन हे विषारी डायएस्टर मिळून 0.020 टक्क्यांच्या मर्यादेत आहेत. पण कच्च्या नमुन्यातही बेंझॉइलमेसॅकोनाइन (डायएस्टर तुटून होणारा, कमी विषारी मोनोएस्टर) भरपूर दिसतंय, आणि प्रत्येक नव्या अर्कात आकडा वेगळा. माल तसा आहे की तयारीत बिघडतंय?

सी_अठरा: आकडा दर अर्काला हलतोय म्हणजे आधी तयारीवरच संशय घ्या. अमोनियामुळे अर्क अल्कधर्मी असतो. त्यात उष्णता मिळाली की आठव्या कार्बनवरचा अ‍ॅसिटिल गट सुटतो आणि डायएस्टरचा मोनोएस्टर होतो. चकत्या उकडताना हेच मुद्दाम घडवतात. तुमच्याकडे ते फ्लास्कमध्ये घडत असावं.

2 ग्रॅम भुकटी, 3 मिली अमोनिया द्रावण, 50 मिली आयसोप्रोपेनॉल-इथाइल अ‍ॅसिटेट (1:1), 30 मिनिटं अल्ट्रासॉनिक. यात अल्ट्रासॉनिक बाथचं पाणी 25 अंशांखाली राहिलं पाहिजे. बाथ चालता चालता स्वतःच तापतो, तेव्हा बर्फ हाताशी आणि थर्मामीटर पाण्यातच ठेवा. आटवणं कमी दाबाखाली, 40 अंशांच्या आत, आणि कोरडं होताच फ्लास्क उतरवा.

खात्रीसाठी शुद्ध अ‍ॅकोनिटीन भुकटीशिवाय याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. शेवटी बेंझॉइलअ‍ॅकोनाइन दिसलं तर दोष तयारीचा. नाही दिसलं, तर मुळं किती तापमानाला वाळवली ते पुरवठादाराला विचारा. प्रमाणद्रावण मिथेनॉलमध्ये साठवू नका, त्यात डायएस्टर हळूहळू बदलतात. आयसोप्रोपेनॉल-डायक्लोरोमिथेन (1:1) वापरा.

तराजू: अल्ट्रासॉनिकच्या आधी आणि नंतर फ्लास्कचं वजन घेता ना? उडालेलं द्रावक त्याच मिश्रणाने भरून काढायचं असतं. पुढे 50 पैकी 25 मिली गाळणच आटवतो, म्हणजे हिशेबात दुप्पट करायला हवी. टक्केवारी वाळलेल्या वजनावर काढा. ओलावा 15 टक्क्यांपर्यंत चालतो, एवढ्याने आकडा सहज सरकतो.

मूळद्रव्य: मला काळ्या चकत्यांची जास्त काळजी वाटते. नुसती वरची मर्यादा पाळली म्हणून नमुना पास करू नका. तीन मोनोएस्टरांची बेरीज किमान 0.010 टक्के हवी, ती तुम्ही लिहिलेली नाही. जास्त उकडलं तर बेंझॉइल गटही सुटतो आणि अ‍ॅकोनाइन उरतं. 235 नॅनोमीटरला दिसण्यासाठी लागणारा बेंझॉइल गटच गेल्यामुळे ते पीक आलेखावर येतच नाही. शिवाय मॅग्नेशियम क्लोराइडच्या खारात भिजवून वारंवार धुताना अल्कलॉइड (मुळातले हेच सक्रिय घटक) पाण्याबरोबर निघून जातात. दोन्ही वेळा विष कमी दिसतं, पण औषधी भागही उरलेला नसतो. म्हणून कच्च्यातले डायएस्टर आणि चकत्यांतले मोनोएस्टर यांची बेरीज जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि कच्ची मुळं फ्यूम हूडमध्येच दळा, हातमोजे आणि धूळरोधक मास्क लावून. अ‍ॅकोनिटीनचे काही मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात. चाळणी आणि दळणयंत्र चकत्यांसाठी वेगळं ठेवा. कच्च्याची थोडी भुकटी मिसळली तरी 0.020 ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.