कार्यशाळेनंतरचं काय?

कार्यशाळा दर्जेदार असली की दोन दिवसांत समुपदेशक तयार होतो, असं मत काही जण मांडतात; ते पटत नाही. माहिती वाढते, सत्रातलं वागणं मात्र फारसं बदलत नाही. मल्टिसिस्टेमिक थेरपीत (गंभीर वर्तनसमस्या असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबासोबत केली जाणारी उपचारपद्धती) थेरपिस्टला सुरुवातीला ५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, पण पुढे दर आठवड्याला पर्यवेक्षण व तज्ज्ञाचा सल्ला, दर तिमाहीला उजळणी, आणि थेरपिस्टकडे एका वेळी ४ ते ६ कुटुंबंच.

खरं शिकणं पर्यवेक्षणाच्या त्या साप्ताहिक बैठकीत होतं. ‘मुलगा आक्रमक आहे’ एवढंच सांगून तिथे भागत नाही; मारामारीच्या आधी नेमकं काय घडलं, नंतर त्याला काय मिळालं, घरचे काय बोलले, हे सांगावं लागतं. शक्य असेल तिथे, अर्थातच कुटुंबाच्या संमतीने, सत्राचं रेकॉर्डिंग ऐकावं. आठवणीतून सांगताना आपण दिलेलं लांबलचक व्याख्यान हमखास गळतं.