तात्या विंचूचं श्रेय
'दिग्दर्शक महेश कोठारेंनी विनोदी सिनेमेच करायला हवे होते, भुताखेतांच्या नादी लागायला नको होतं,' हे मत पटलं नाही. 'धुमधडाका' (१९८५) आणि 'थरथराट' (१९८९) भन्नाट आहेत, वादच नाही. पण १९९३चा 'झपाटलेला' हा निव्वळ विनोदी सिनेमा म्हणून बघून चालत नाही. बाहुल्यात आत्मा शिरण्याची कल्पना हॉलीवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेली, मान्य. तरी 'झपाटलेला'तला हा बाहुला, तात्या विंचू, अस्सल मराठी वाटतो. बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तो घोगरा, खुनशी आवाज! लक्ष्याची (लक्ष्मीकांत बेर्डेंची) घाबरगुंडी बघून आपण हसतो खरे, पण बाहुल्याची मान वळली की लहानपणी पांघरूण डोक्यावरून ओढलेलं आठवतंय. (माझी बहीण अजून तात्याचा मंत्र 'ओम फट् स्वाहा' ऐकलं की चिडते.) गंमत म्हणजे बाहुला स्वतः विनोद करत नाही, त्याला खरोखरच लक्ष्याचं शरीर हवं असतं. म्हणूनच भीती टिकते.

कोठारेंच्याच 'पछाडलेला'त (२००४) मात्र वाडा आहे, भुतं आहेत, पण सगळा भर हसवण्यावर. प्रभावळकरांचा इनामदार भुसनळे धमाल, भीती मात्र वाटत नाही. २०१३च्या 'झपाटलेला २'मध्ये थ्रीडी आलं, पण लक्ष्या नव्हता. तिथेच अर्धा सिनेमा गेला.