पहिला गेमिंग संगणक: दुकानातून मिळालेले कोटेशन कितपत योग्य आहे?

सुदामानगरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. नोकरीला लागून दोन वर्षे झाली आणि आजवर जे काही खेळलो ते दादाच्या जुन्या संगणकावर. आता मॉनिटर धरून एक लाख रुपयांत स्वतःचा गेमिंग संगणक जुळवून घ्यायचा विचार आहे. व्हॅलोरंट रोजच असते, पण मुख्य इच्छा आहे ती सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग हे दोन खेळ निवांतपणे, न अडखळता खेळण्याची.

जेल रोड आणि आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल अशा दोन्ही ठिकाणी दोन शनिवार घालवले. एका दुकानातून जे कोटेशन मिळाले ते जसेच्या तसे लिहितो: रायझन ५ ५६००जी, ए५२० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ५०६० ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, ‘गेमिंग कॅबिनेट आरजीबी सहा पंखे, ६०० वॅट एसएमपीएससह’ आणि ‘२४ इंची मॉनिटर’. माझी शंका अशी आहे की रॅम, एसएसडी, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि मॉनिटर यांच्यापुढे ना कंपनीचे नाव आहे, ना मॉडेल. विचारल्यावर उत्तर मिळाले की ‘माल चांगलाच देतो, काळजी करू नका’.

आणखी दोन गोष्टी सांगतो, उपयोगाच्या आहेत की नाहीत ते कळत नाही. दादाच्या संगणकातून ८ जीबीच्या दोन रॅम स्टिक निघाल्या आहेत, त्यांवर पीसी४-२५६०० असे छापले आहे. आणि आमचे घर जुने असल्यामुळे असेल, त्या संगणकाच्या मागच्या स्क्रूला बोट लागले की झिणझिण्या येतात; आम्हाला त्याची सवयच झाली आहे. हे कोटेशन घ्यावे का, आणि बदलायचे तर नेमके काय बदलावे?

रामबागेतला रिकामटेकडा

कोटेशन वाचण्याचा माझा एक साधा नियम आहे: ज्या ओळीत मॉडेल लिहिलेले नाही, तिथे दुकानदाराने स्वतःचे पैसे वाचवले आहेत असे धरून चालावे. आपल्या यादीत जी दोन नावे ग्राहकाच्या तोंडी असतात, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, तीच तेवढी ठळक आहेत. बाकी सगळे मोघम आहे. परंतु नाव लिहिलेल्या ओळींतही एक गफलत आहे, तिच्याबद्दल आधी सांगतो.

५६००जी या प्रोसेसरमधला ‘जी’ म्हणजे त्यातच अंगचे ग्राफिक्स आहे. वेगळे कार्ड घेणाऱ्याला त्याचा उपयोग फारसा नाही, आणि त्यासाठी दिलेली किंमत मात्र मोठी आहे: साध्या ५६०० मध्ये ३२ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) असते, जीमध्ये ती निम्मी, म्हणजे १६. दुसरे म्हणजे ५६०० हा पीसीआयई (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा रस्ता) ४.० बोलतो, तर जी फक्त ३.०, आणि ए५२० मदरबोर्डही ३.० वरच थांबतो. एरवी हा फरक मी दुर्लक्षिला असता, पण आरटीएक्स ५०६० हे कार्ड त्या रस्त्याच्या १६ ऐवजी ८ लेनच (मार्गिकाच) वापरते. आठ लेन ३.० वर चालल्या की कार्डाकडे जाणारा रस्ता सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइटचा उरतो, ४.० वर तोच सुमारे १६ चा होतो. कार्डावरची ८ जीबी मेमरी पुरते आहे तोवर हे जाणवतही नाही. सायबरपंकसारख्या खेळात टेक्स्चर वाढवले आणि मेमरी भरून सांडू लागली, की उरलेला माल मुख्य रॅममधून याच रस्त्याने ने-आण करावा लागतो, आणि नेमके तेव्हाच चित्र झटके देऊ लागते. म्हणजे ज्या कार्डाला रुंद रस्त्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापुढे बोळ ठेवला आहे.

माझा सल्ला असा की प्रोसेसर बसवण्याचे जुने सॉकेट (एएम४) सोडून नव्या एएम५ वर जावे: रायझन ५ ७६०० आणि बी६५० मदरबोर्ड. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ असे एएमडीने सांगितले आहे, त्यामुळे चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागू शकेल. रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची लागेल. तिथे एक पथ्य पाळावे: ८-८ च्या दोन स्टिक घेऊन पुढे आणखी दोन लावू असा बेत करू नये, कारण या प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० असला तरी चार स्टिक लावल्या की तो ३६०० वर येतो.

मॉनिटरविषयी थोडक्यात: १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी चित्रे) किंवा अधिक. एल्डन रिंग सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातच नाही, तेव्हा तिथे फरक दिसणार नाही. व्हॅलोरंटमध्ये मात्र पहिल्याच दिवशी दिसेल.

देवासची मृणाल

रामबागवाल्या दादांचे प्रोसेसरविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, एएम५ चे नाही. कारण प्रश्नातले एक वाक्य त्यांच्या नजरेतून सुटले आहे. स्टिकवर पीसी४-२५६०० लिहिले आहे. यातला पीसी४ म्हणजे डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, एएम५ ला न चालणारी), आणि २५६०० हा सेकंदाला मेगाबाइटचा आकडा आहे. त्याला आठने भागले की ३२०० येतात. म्हणजे आपल्या दादांच्या कपाटात ३२०० वेगाची १६ जीबी डीडीआर४ रॅम पडून आहे. फक्त पट्टीने मोजून खात्री करून घ्यावी: डेस्कटॉपची स्टिक साधारण १३ सेंटीमीटर लांब असते, लॅपटॉपची त्याच्या जवळपास निम्मी.

२०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जे चढले आहेत, ते पाहता हाताशी असलेली रॅम बाजूला ठेवून नवी डीडीआर५ विकत घ्यायची, हे मला तरी पटत नाही. साधा ५६०० आणि बी५५० मदरबोर्ड घ्यावा, या स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय, चालू करावे. ते चालू केले नाही तर बऱ्याच स्टिक आपल्या छापील वेगापेक्षा कमी वेगाने मुकाट चालत राहतात आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. माझ्या मामेभावाचे असेच झाले होते. एएम४ चा रस्ता इथे संपतो हे खरे आहे, पण ज्या वाटेवर चार वर्षांनी चालायचे आहे तिच्यासाठी आज पैसे मोजावेत का, याचा विचार व्हावा.

वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड बदलावे. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीवाले मिळाले तर ते पाहावे. त्याला पूर्ण १६ लेन आहेत आणि मेमरी दुप्पट असल्यामुळे सांडण्याचा प्रश्न या रिझोल्युशनला सहसा येत नाही. याच नावाचे ८ जीबीवाले कार्डही बाजारात आहे, म्हणून बिलावर ‘१६ जीबी’ हे शब्द आणि सिरीयल नंबर लिहून घ्यावेत.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. ५६०० ला अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर पडदा काळाच राहील. ती कार्डालाच लावायची. बी५५० २०२० साली आला आणि ५६०० २०२२ साली, म्हणून बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर बायोस दुकानातच अद्ययावत करून घ्यावे. विंडोज ११ टाकताना सिक्युअर बूट आणि टीपीएम या दोन सुरक्षा सोयी चालू ठेवाव्यात, नाहीतर व्हॅलोरंट सुरू होण्यास नकार देते.

रामबागेतला रिकामटेकडा

मृणालताई, चूक कबूल आहे. त्या स्टिकचे वाक्य मी झिणझिण्यांच्या नादात ओलांडून गेलो. घरात ३२०० ची रॅम असताना मीही एएम५ सुचवणार नाही. जीच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येईल: कार्ड दुरुस्तीला गेले तर संगणक बंद पडत नाही. पण तेवढ्यासाठी रोजचा वेग घालवू नये.

सुदामानगरकर, आता एसएमपीएसचे बोलू. पुन्हा दुकानात जाल तेव्हा कॅबिनेटमध्ये बसवलेल्या त्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढून आणा. खोक्यावरचा ‘६००’ हा आकडा वाचू नका. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पियर लिहिले आहेत ते पाहा.

सुदामानगरकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. स्टिक मोजल्या, दोन्ही साडेतेरा सेंटीमीटरच्या आत आहेत.

काल कार्यालयातून परतताना दुकानात गेलो. लेबल पाहतो म्हटल्यावर तिथला मुलगा जरा गोंधळला, पण त्याने कॅबिनेटची बाजू उघडून दाखवली. तो एसएमपीएस मी एका हाताने सहज उचलू शकलो, आमच्या घरच्या मिक्सरचे भांडे त्यापेक्षा जड असेल. लेबलवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ६०० आहे आणि खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रकान्यात १८ ॲम्पियर. बाकीच्या रकान्यांत ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे आहेत. याचा अर्थ काय लावावा?

रामबागेतला रिकामटेकडा

१२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड प्राणी १२ व्होल्टवरच जेवतात, त्यामुळे ३.३ आणि ५ चे आकडे मिळवून सहाशेची बेरीज जुळवली तरी त्याचा आपल्याला उपयोग नाही. दुकानदाराच्या मूळ यादीतच हिशोब करा: ५०६० कार्ड १४५ वॅटचे आणि ५६००जीची कमाल मर्यादा ८८ वॅट, मिळून झाले २३३. पंखे, त्यांचे दिवे आणि एसएसडी यांना ताटावर बसवण्याआधीच वाढलेले संपले. हा संगणक दुकानात सुरू होईल, घरी आणल्यावरही होईल, आणि सायबरपंकमध्ये शहरात गोळीबार सुरू झाला की मध्येच बंद पडेल. मग आपण विंडोजला दोष देत बसाल.

चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४५ ॲम्पियरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळीच ताकद जिथे लागते तिथे. आपण ५५० किंवा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा वरचा, पाच वर्षांच्या हमीचा घ्यावा. ८० प्लसची पट्टी फक्त वीज किती वाया जाते एवढेच सांगते, आतल्या सुट्या भागांची ग्वाही देत नाही. म्हणून हमीची वर्षे माझ्या मते अधिक बोलकी आहेत.

कॅबिनेट वेगळे घ्यावे आणि समोरून जाळीचे घ्यावे. पुढे काच आणि आत सहा रंगीत पंखे म्हणजे खिडक्या लावून कूलर चालवण्यासारखे आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. जाळीमागचे गाळण महिन्याला झटकावे लागेल. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिले येत असले तरी ही बातमी धुळीपर्यंत पोहोचलेली नाही.

जुना वायरमन

नमस्कार. गेमिंगमधले मला काही समजत नाही, नातवामुळे इथे वाचत असतो. परंतु प्रश्नातल्या झिणझिण्यांबद्दल कोणीच उत्तर दिले नाही, आणि एक लाखाची वस्तू आणण्याआधी तेच पाहिले पाहिजे.

एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून धातूच्या खोक्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून खोक्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी किंचित वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर खोके दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट. प्रवाह फार थोडा असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात, पण टेस्टर लावला तर दिवा लागेल. आपल्या घरातल्या त्या खोलीत अर्थिंगची तार तुटलेली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही, हा माझा अंदाज. मॉनिटर, स्पीकर यांच्या केबली लावता-काढताना हीच वीज पोर्ट जाळू शकते.

जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहायला सांगा. तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख लागला पाहिजे. घरात ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, पण त्यावरून अर्थची तार जोडलेली आहे एवढेच कळते, अर्थिंग शाबूत आहे असे नव्हे. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते, माळव्याची काळी माती वाळली की भेगाळते आणि त्यात पुरलेल्या धातूच्या पट्टीला सोडून देते. एक मात्र कोणी सुचवले तरी होऊ देऊ नका: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडून देणे. झिणझिण्या थांबतील, पण कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील.

सुदामानगरकर

काका, आपले उत्तर बाबांना वाचून दाखवले. त्यांनी लगेच स्क्रूला टेस्टर लावला आणि दिवा लागला. रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियन येणार आहे. खड्डा मागच्या अंगणात तुळशीशेजारी आहे असे आजी म्हणते, बाकी कोणाला आठवत नाही.

यादी आता अशी ठरली आहे: रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, दादाच्या दोन्ही स्टिक, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॅटचा पाच वर्षे हमीचा एसएमपीएस आणि जाळीचे, दोन पंख्यांचे, दिवे नसलेले कॅबिनेट. प्रत्येक ओळीत मॉडेल लिहिलेले नवे कोटेशन दुसऱ्या एका दुकानाने कुरकुर न करता दिले आहे. खरेदी अर्थिंग झाल्यावरच करीन. दादा मात्र आता विचारतो आहे की स्टिकचे भाडे किती देणार.