ओळखीच्या जगात घडणाऱ्या विचित्र कथा: काय वाचावे?

पानगळ (प्रश्न)

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्काची १९१५ साली प्रसिद्ध झालेली ‘मेटामॉर्फसिस’ ही कथा नुकतीच पुन्हा वाचली. माणसाचा किडा होतो हे नवल आहेच, पण मला गुंतवून ठेवले ते त्या किड्याच्या काळजीने. उताणा पडलेला ग्रेगोर आपले वळवळणारे पाय पाहतो आणि तरीही त्याला चिंता लागते ती पाचची गाडी चुकल्याची आणि आता वरिष्ठांची बोलणी खावी लागणार याची. या जातीचे आणखी काही सुचवावे. कथा कचेऱ्या, भाड्याच्या खोल्या आणि आगगाड्या असलेल्या जगातच घडावी. नवे राजवंश आणि जादूचे नियम नकोत. तसेच शेवटी ‘हे सारे स्वप्न होते’ असे सांगून लेखकाने वाचकाच्या तोंडाला पाने पुसलेली नसावीत. अनुवाद चालतील.

दिवाभीत

मग सुरुवात रशियन लेखक गोगोलपासूनच करावी. ‘नाक’ ही त्याची कथा १८३६ सालची, म्हणजे काफ्काच्या बरीच आधीची आहे. पीटर्सबर्गमधल्या एका न्हाव्याला सकाळी पावात नाक सापडते. इकडे कोवाल्योव नावाचा अधिकारी जागा होतो, तर त्याच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी सपाट कातडी असते. पुढे तेच नाक त्याला गणवेश घालून गाडीतून हिंडताना दिसते, आणि त्याचा हुद्दा आपल्यापेक्षा वरचा असल्यामुळे त्याच्याशी बोलावे तरी कसे, या विचाराने कोवाल्योव अवघडून जातो. वर्तमानपत्राच्या कचेरीतला प्रसंग तर मुद्दाम सावकाश वाचावा. नाक हरवल्याची जाहिरात घेतली तर पत्राचे नाव खराब होईल, असे सांगून तिथला कारकून नकार देतो आणि मग सहानुभूती म्हणून त्याच्यापुढे तपकिरीची डबी धरतो!

माझ्या मते या प्रकाराचे मर्म इथेच आहे. अशक्य गोष्ट एकच घडावी आणि बाकीचे जग आपल्या नियमांना, हुद्द्यांना व शिष्टाचारांना घट्ट धरून राहावे. दुसरी आणि तिसरी अशक्य गोष्ट आली की वाचक सैलावतो, कारण मग काहीही घडू शकते आणि कशाचेच काही वाटेनासे होते. पोर्तुगीज लेखक सारामागोची ‘ब्लाइंडनेस’ (१९९५) ही कादंबरी याच शिस्तीची आहे. सिग्नलपाशी गाडीत बसलेल्या माणसाला अचानक सगळे पांढरेशुभ्र दिसू लागते, हे अंधत्व साथीसारखे पसरते, आणि त्यापुढचे सारे, म्हणजे विलगीकरण, अन्नाची वाटणी, घाण, हिंसा, हे विलक्षण तर्कशुद्धपणे येते. मात्र ती निर्दय आहे, तेव्हा मन थाऱ्यावर असतानाच हाती घ्यावी.

कवडसा

‘एकच अशक्य गोष्ट’ हा नियम मला अपुरा वाटतो, कारण काही लेखक तीही दाखवत नाहीत. अर्जेंटिनाचा लेखक कोर्ताझार याच्या ‘कासा तोमादा’ (म्हणजे ‘बळकावलेले घर’, १९४६) या कथेत एक भाऊ आणि बहीण वडिलोपार्जित मोठ्या घरात राहतात. मागच्या भागातून काहीतरी आवाज येतो, भाऊ मधले दार बंद करून कडी घालतो आणि घराचा तो भाग घेतला गेल्याचे बहिणीला सांगतो. कोणी घेतला, हे तोही सांगत नाही आणि तीही विचारत नाही. उलट आवराआवरीचे काम कमी झाल्याची सोय दोघांनाही जाणवते आणि बहिणीचे विणकाम चालूच राहते. भीती वाटते ती या समंजसपणाची.

उर्दूतले नैयर मसूद यांच्या कथाही याच वाटेने जातात. त्यांनी काफ्काचे उर्दू अनुवाद केले होते, परंतु त्यांची स्वतःची वाट वेगळी आहे. ‘इत्रे काफूर’ या संग्रहातल्या कथांत घरे, गंध आणि वस्तू अत्यंत नेमकेपणाने येतात, आणि तरीही नेमके काय घडले हे पकडू जावे तर ते हातातून निसटते.

रातकिडा

मराठीत जी. ए. कुलकर्णी आठवणारच, पण ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या कथांचा प्रदेश जी. एं.नी स्वतः कल्पिलेला आहे, त्यामुळे तुमच्या अटीत त्या बसत नाहीत. विलास सारंग यांचा ‘सोलेदाद’ हा कथासंग्रह मात्र शोधून वाचा.

पानगळ

सर्वांचे आभार. सुचवलेले बहुतेक साहित्य भीतीकडे झुकणारे दिसते. हाच विचित्रपणा प्रसन्नही असू शकतो का?

दिवाभीत

असू शकतो, आणि त्यासाठी विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही १९९७ सालची हिंदी कादंबरी मूळ भाषेतच वाचावी. तिला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. रघुवर प्रसाद हे गणिताचे प्राध्यापक एका खोलीत संसार करतात. त्या खोलीच्या खिडकीतून पलीकडे उतरले की नदी आणि तळी असलेले एक निराळेच जग लागते, आणि नवराबायको तिथे सहज जाऊन येतात. महाविद्यालयात जायला रघुवर प्रसाद कधी हत्तीवरही बसतात. ‘एकच अशक्य गोष्ट’ हा माझा नियम इथे मोडतो की नाही, हे कवडसा यांनी ठरवावे. मला तो टिकतो असे वाटते, कारण खिडकी सोडली तर बाकी सर्व, अगदी हत्तीसुद्धा, शक्य कोटीतलेच आहे.