लोकल बंद ठेवली ते बरोबर होतं का?

डोंबिवलीकर_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी विषय घेतलाय : कोविडमध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांना बंद ठेवली, त्याची किंमत कोणी मोजली? एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) २३.९ टक्क्यांनी घसरलं, हे पुस्तकात आहे. पण त्या आकड्यात माणूस दिसत नाही. तेव्हा मी शाळेत होतो. तुमच्यापैकी जे रोज प्रवास करायचे त्यांना काय वाटतं? आरोग्य आधी, की रोजगार?

परिचारिका_परळ

गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. एवढं एक लक्षात घे, बाळा. मी पालिकेच्या रुग्णालयात काम करते. एप्रिल २०२१मध्ये खाट मागायला आलेल्या नातेवाइकांना आम्हाला नाही म्हणावं लागत होतं. लोकल पूर्ण सुरू असती तर काय झालं असतं, याचा मी विचारही करू शकत नाही. बंद ठेवली ते बरोबरच.

निवृत्त_मास्तर

अमेरिकेतला एक अभ्यास जरूर वाच. शिकागो विद्यापीठातले गुल्सबी आणि सिव्हरसन यांनी मोबाइलच्या नोंदींवरून दुकानांतली वर्दळ मोजली. २०२०च्या सुरुवातीला ती साठ टक्क्यांनी घटली होती, आणि या साठ अंकांपैकी फक्त सात अंकांची घट सरकारी बंदीमुळे होती. बाकीची माणसं भीतीनेच घरी बसली. म्हणजे बंदी उठवली की बाजार लगेच भरतो, असं नाही.

बदलापूरची_प्रवासी

परिचारिकाताई, मार्चमध्ये लोकल थांबवली त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आणि सर, तुमचा अभ्यास खरा असेल, पण आमच्याकडे भीती वाटूनही घरी बसणं परवडत नव्हतं.

माझं म्हणणं जून २०२०पासूनच्या काळाबद्दल आहे. ८ जूनला खासगी कार्यालयांना दहा टक्के हजेरीची परवानगी मिळाली. मशीद बंदरच्या आमच्या पेढीत हिशेब बघणारी मी एकटीच, त्यामुळे त्या दहा टक्क्यांत मी आलेच. १५ जूनला लोकल सुरू झाली, ती अत्यावश्यक सेवेसाठी. म्हणजे कामावर बोलावणं आलं, पण न्यायला गाडी नाही. कल्याणपर्यंत शेअर रिक्षा, पुढे एसटी. पहाटे साडेपाचला घर सोडायचं. पावसामुळे बसच्या खिडक्या बंद, मधल्या जागेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी, आणि बस टोलनाक्यावर अडकलेली. लोकलमध्ये दीड तास लागायचा, इथे तीन. ही गर्दी तब्येतीला कशी चालते, ते मला आजही कळलेलं नाही. २२ जुलैला नालासोपाऱ्याला एसटी मिळेना म्हणून माणसं रुळांवर उतरली. त्यांना गुंड म्हणणारे लोक घरून काम करत होते.

२१ ऑक्टोबरपासून बायकांना परवानगी मिळाली, ती अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. अकराची गाडी पकडून साडेबाराला पोचलं की अर्धा दिवस कापला जायचा. सहाला सुटायचं आणि सात वाजेपर्यंत स्टेशनबाहेर उभं राहायचं. आम्ही पंधरावीस जणी रोज असायचो, पर्स छातीशी धरून, घड्याळाकडे बघत. सातच्या ठोक्याला सगळ्या एकदम आत घुसायच्या. गर्दी टाळायला वेळ ठरवली आणि त्या वेळेनेच गर्दी केली.

मग लस. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. माझा दीर तेव्हा तिशीतला, दादरला कपड्याच्या दुकानात. त्याच्या वयाच्या लोकांना मे महिन्यात लस मिळतच नव्हती. २१ जूनला पहिला डोस मिळाला. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे दुसरा १३ सप्टेंबरला, आणि प्रवास २७ सप्टेंबरपासून. माझ्या सासूबाईंना मात्र पास लगेच मिळत होता. त्यांना कुठेही जायचं नव्हतं. म्हाताऱ्यांना लस आधी दिली हे योग्यच, त्यात मी वाद घालणार नाही. पण मग ज्याला थांबवलं त्याच्या घरात थांबण्याचे पैसे यायला हवे होते. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने परवानाधारक रिक्षावाले, फेरीवाले, नोंदणी झालेले बांधकाम मजूर यांना दीड हजार रुपये जाहीर केले. दुकानातला सेल्समन त्यातल्या कुठल्याच यादीत नव्हता.

तू विचारतोस, आरोग्य आधी की रोजगार. आमच्या घरी असं वाटून घेताच येत नव्हतं. दिराचा पगार थांबला त्या महिन्यांत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या. त्याची नोंद तू कुठल्या रकान्यात करणार?

परिचारिका_परळ

गोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. नंतर असे रुग्ण आमच्याकडे आले, ते मी पाहिलंय. लोकल बंद ठेवण्याबद्दलचं माझं मत बदलत नाही, पण पैसे द्यायला हवे होते हे मला पटतं.

डोंबिवलीकर_विद्यार्थी

ताई, मी हे मोजायचं कसं? आकडे कुठून आणू?

बदलापूरची_प्रवासी

जून ते ऑक्टोबर २०२० एवढाच काळ घे, पसारा वाढवू नकोस. लहान पेढ्यांमध्ये जाऊन विचार, किती जणांना हजर व्हायला सांगितलं आणि त्यातल्या किती जणांकडे यायची सोय होती. बदलापूर, अंबरनाथ, विरारच्या बायकांना खास विचार, कारण ज्यांनी तेव्हा नोकरी सोडली त्यातल्या बऱ्याच परत गेल्या नाहीत. आमच्या लेडीज डब्याच्या ग्रुपवर अशा चौघीजणी आहेत. आज रात्री त्यांना विचारते, हो म्हणाल्या तर तुला व्यक्तिगत संदेशात नंबर पाठवते. रविवारी दुपारनंतर फोन कर, सकाळी सगळ्या कामात असतात.