सीमाभागात ओटीचं कम्युनिटी पोस्टिंग: शिबिर घेण्यापलीकडे नेमकं काय करायचं?

खानापूर_ओटी

बीओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी: आजार-अपंगत्व असलं तरी रोजची कामं जमावीत म्हणून करायचे उपचार) पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबईला. कम्युनिटी पोस्टिंग गावाकडे मागून घेतलंय, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर आणि निपाणी तालुक्यांत. विषय दिलाय ‘सामाजिक न्याय आणि ऑक्युपेशनल थेरपी’. विलकॉक आणि टाउनसेंड यांची ऑक्युपेशनल जस्टिसची (आपल्याला अर्थाची वाटणारी कामं करायची संधी प्रत्येकाला मिळणं हा न्यायाचा प्रश्न, ही) मांडणी वाचून झाली, व्याख्या पाठ आहेत. सीनियर म्हणतात शिबिर घे, माणसं तपास, फोटो लाव, अहवाल दे, मोकळी हो. तेवढ्यानं न्यायाबद्दल काय कळणार, हे कुणी सांगत नाही.

सुरुवात कुणापासून करू? निपाणीकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांसाठी खरंच उपयोगी पडेल असं काय आहे? आणि माझं कन्नड बसच्या तिकिटापुरतं, मग सरकारी कागदांचं काय करायचं?

फील्डवर्क_सर

शिबिर घ्यायचंच असेल तर शेवटी घ्या. आधी ग्रामपंचायतीत जाऊन व्हीआरडब्ल्यूला भेटा, म्हणजे गावपातळीवरचा पुनर्वसन कार्यकर्ता. कर्नाटकात तो पंचायतीला जोडलेला असतो, त्याच्या वर तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता. बहुतेक व्हीआरडब्ल्यू स्वतः अपंग असतात आणि गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडून यादी घ्या. मग तीच यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेपुढे ठेवून विचारा, यात कोण राहिलंय? खरं काम तिथून सुरू होतं. मनोरुग्ण, मतिमंद मुलगी, कडबाकुट्टीत बोटं गेलेला सालगडी, जंगलाकडेच्या गवळीवाड्यावरची म्हातारी, अशी नावं पहिल्या यादीत हमखास नसतात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. गावाच्या डोळ्यांना मात्र आंधळा, पांगळा, मुका एवढेच दिसतात.

जागा निवडताना डोकं वापरा. देवळाच्या मंडपात किंवा पुढाऱ्याच्या वाड्यावर बसलात तर एका वस्तीची माणसं येणारच नाहीत, आणि तुम्हाला वाटेल त्यांना गरज नाही. मराठी शाळा किंवा अंगणवाडी बरी. त्याहून बरं घरोघरी जाणं. बायकांना २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी बस फुकट आहे, पण ज्या वाड्यावर बसच जात नाही तिथं त्या योजनेचा काय उपयोग?

मोजमापासाठी सीओपीएम वापरा, म्हणजे माणसाला स्वतःची कामं किती जमतात ते त्यालाच विचारून मोजायची ओटीतली पद्धत. जास्तीत जास्त पाच कामं माणसानं स्वतः निवडायची, मग ‘किती जमतं’ आणि ‘किती समाधान’ याला १ ते १० गुण. शेवटी पुन्हा विचारल्यावर २ किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर तो अर्थाचा धरतात. अडचण अशी की दहापैकी किती, हा प्रश्न शाळा न पाहिलेल्या माणसाला परीक्षेसारखा वाटतो आणि तो तुम्हाला खूश करायला नऊ सांगतो. दहा चिंचोके द्या, जमतं तेवढे इकडे, उरलेले तिकडे. आणि सुनेला सासूसमोर विचारू नका. ती परसात भांडी घासत असेल तेव्हा तिथं जाऊन बसा.

निपाणी_हँडथेरपी

बिडीबद्दल. पहिली चूक सगळे विद्यार्थी करतात ती म्हणजे ‘तासाला पाच मिनिटं विश्रांती घ्या’ असा तक्ता भिंतीवर चिकटवणं. मजुरी हजारी हिशेबानं, म्हणजे हजार बिड्यांमागे मिळते. पाच मिनिटं थांबली की तेवढे पैसे गेले, त्यामुळे तक्ता भिंतीवरच राहतो.

आधी काम पूर्ण बघा. पान भिजवणं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, तोंड दुमडणं, २५ चा कट्टा बांधणं. सूप मांडीवर, मान खाली, एकच पाय दुमडलेला. हाताला सगळ्यात जड जातं ते कापणं, अंगठ्याच्या मुळाशी दुखणं बहुधा तिथून सुरू होतं. करण्यासारखं:

कात्रीला धार लावून घ्या आणि मुठीच्या कड्यांवर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळा. पट्टी जाड झाली तर बोट अडकतं, एकच वेढा पुरे. बसायला गोधडीची घडी फक्त ढुंगणाखाली, मांडीखाली नाही, म्हणजे कंबर पुढं कलते आणि पाठ सरळ राहते. सूप १० ते १५ सेंमी उंच फळीवर ठेवलं की मान कमी वाकते. फळी त्याहून उंच केली तर खांदे वर चढतात आणि दुखणं फक्त जागा बदलतं. पाठ भिंतीला. विश्रांती घड्याळावर नको, कट्ट्यावर लावा: दोन कट्टे झाले की पाय बदलायचा, चार झाले की उठून बांधलेले कट्टे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून यायचे. कट्टे उचलावे लागतातच, त्यामुळे हे टिकतं. तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नये आणि वळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोराला घेऊ नये, हेही सांगा.

आता न्यायाची बाजू. एवढं सगळं करून दुखणं कमी झालं तरी पानं खराब आली की हजार बिड्या भरत नाहीत, उरलेली पानं बाई पदरच्या पैशानं आणते. वर छाट म्हणून काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जातात. म्हणजे ती जादा तास बसते ते सवयीनं नव्हे, तूट भरायला. केस शीटवर ‘आसनदोष’ एवढंच लिहिलंत तर दोष तिच्या माथी गेला. पानांचं वजन, छाट आणि दिवसाचे तास एकाच कागदावर तिच्याकडूनच आठवडाभर मांडून घ्या. तो कागद तिच्याकडे राहू द्या, कामगार संघटनेकडे जायचं की नाही ते ती ठरवेल. सट्टेदाराशी, म्हणजे पानं-तंबाखू देऊन बिड्या घेणाऱ्या ठेकेदाराशी, तुम्ही जाऊन भांडू नका. तुम्ही मुंबईला परत जाल, काम तिचं बंद होईल.

हुक्केरीकर

सर कागदांचं काही बोलले नाहीत. माझं मत, कागद पहिल्या आठवड्यातच धरा, नाहीतर पोस्टिंग संपतं आणि अर्ज लटकतो.

यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज पोर्टलवरून ऑनलाइन भरायचा, मग नेमलेल्या दवाखान्यात तपासणी. कार्ड देशभर चालतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पेन्शन, राखीव जागा वगैरे बहुतेक सगळं ४० टक्क्यांपासून पुढं. सीमाभागात अर्ज अडतो तो नावावर. आधारवर एक इंग्रजी स्पेलिंग, रेशनकार्डावर कन्नडमधून आलेलं दुसरं, पासबुकावर तिसरं. अर्ज भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आधार बँक खात्याला जोडलंय का तेही बघा, नाहीतर पेन्शन मंजूर होते आणि पैसे येत नाहीत.

उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली कचेरीतून. पोचपावतीवर सकालाचा (ठरल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याची कर्नाटकातली योजना) जीएससी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नंबर असतो, त्यावर किती दिवसांत काम व्हायला हवं ते कळतं. पावतीशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. चंदगड किंवा गडहिंग्लजहून लग्न होऊन आलेल्या बाईचा जातीचा दाखला हा वेगळा घोळ आहे. एका राज्यातला अनुसूचित जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालत नाही, लग्नानंही तो बदलत नाही. तिला ‘होऊन जाईल की’ म्हणू नका.

भाषेचं म्हणाल तर घटनेचं कलम ३५० तक्रार-निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क देतं, मराठीतही. तरी कारकुनाला वाचता यायला हवं. वर मराठी, खाली कन्नड, असं एकाच पानावर द्या. कन्नड शाळेतला नववी-दहावीचा मुलगा तासाभरात लिहून देतो. त्या घरात सीमाप्रश्नावर चर्चा करत बसू नका, म्हातारीला पेन्शन हवी असते.

गवंडीकाम_आणि_व्हीलचेअर

खानापूरकडे पाऊस लई, म्हणून घरांची जोती उंच. रॅम्पचा हिशेब १:१२, म्हणजे जोतं ६० सेंमी असेल तर उतार ७ मीटर २० सेंमी लांब हवा. अंगणात तेवढी जागा नसते आणि गवंडी मोटारसायकल चढवायचा उतार करून देतो. त्यावरून चाकाची खुर्ची उलटी येते. परसदाराकडची जमीन बहुधा उंच असते, आधी तिकडून मोजा. नाहीतर मधे दीड मीटरचा सपाट टप्पा घेऊन उतार वळवा. सिमेंट ओलं असताना खराट्यानं आडव्या रेघा ओढायला लावा. घोटून गुळगुळीत केलेल्या उतारावर आषाढात शेवाळ धरतं आणि घरातली धडधाकट माणसंसुद्धा घसरतात.

खर्चासाठी: पंचायतीच्या स्वतःच्या निधीतला ५ टक्के वाटा अपंगांसाठी असतो. पीडीओकडे (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) लेखी अर्ज, ग्रामसभेत नाव घेऊन ठराव. अर्जाला मापाचा कागद जोडा. ‘रॅम्प हवा’ एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो.

शिबिरात मिळालेली खुर्ची बघितल्यावर पहिल्यांदा माप घ्या. बसण्याची रुंदी कमरेएवढी, खोली मांडीच्या लांबीपेक्षा ३ ते ६ सेंमी कमी, पाय ठेवायची पट्टी पोटरीच्या लांबीवर. मोठ्या माणसाची ४५ सेंमी रुंद खुर्ची सेरेब्रल पाल्सीच्या सात वर्षांच्या पोराला दिली की पोर एका बाजूला कलतं आणि पाठीचा कणा वाकत जातो. बदलून मिळेपर्यंत दोन्ही बाजूंना घट्ट चिंध्यांच्या उशा, पाठीमागं फोमची पाटी. संडासासाठी प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडू नका, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टूल, उंची गुडघ्यामागच्या खोबणीएवढी, पायांना रबरी बूट.

खानापूर_ओटी

सगळ्यांचे आभार. पण अहवालात हे बसवायचं कसं? विभागाला ‘किती लाभार्थी’ असा रकाना हवा असतो.

फील्डवर्क_सर

रकाना भरा, त्यात खोटं काही नाही. त्याच्या पुढं दोन-तीन माणसांचं सविस्तर लिहा: तिला कोणतं काम करायचं होतं, ते कुठं अडलं (हातात, उंबऱ्यावर, हजारी दरात, की कचेरीच्या टेबलावर), तो अडथळा ठरवणारं कोण, तुम्ही काय हलवलं, काय जागच्या जागी राहिलं. चौथा मुद्दा लिहायला सोपा, पाचवा लिहायला विद्यार्थी कचरतात. परीक्षक मात्र पाचव्यावरच प्रश्न विचारतात. हुक्केरीकर कागदांबद्दल बरोबर आहेत, माझ्या क्रमात त्यांना वर घ्या.

फोटो नको. अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं नाही, कागद मराठीत वाचून दाखवा आणि ‘नाही म्हटलं तरी औषध-पाणी थांबणार नाही’ हे वेगळं सांगा. निघण्याआधी व्हीआरडब्ल्यूकडे एक पान ठेवा: नाव, जीएससी क्रमांक, मुदतीची तारीख, खुर्चीचं माप, पुढच्या बॅचनं कुणाचं सीओपीएम पुन्हा घ्यायचं ते. त्या पानाची झेरॉक्स घरच्यांकडेही.